चार बोटं

४ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

तुमच्या पत्राची वाट बघून कंटाळले आणि शेवटी मीच लिहायला बसले. फोनचा काही उपयोग नाही. तुम्ही "काय, काय" करत राहता आणि मी ओरडून घसा बसवून घेते. ट्रॅक्टरच्या कारखान्यातल्या घणांनी तुमचे कान खाल्ले हे कबूल, पण पत्र लिहायला कान लागत नाहीत. तीन वर्षांत दोन पत्रं, दोन्ही चार-चार ओळींची. माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं. आणि तुम्ही स्वतः तर एकदाही आला नाहीत. ते असो.

मी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय. आधी दचकून घ्या, मग पुढे वाचा.

हे गेले तेव्हा मीच म्हणाले होते की या अंगणात पुन्हा इंजिनाचा आवाज नको. वरच्या उतारावर ज्या ट्रॅक्टरने ह्यांना खाली घेतलं, तो मी महिन्याच्या आत भंगारवाल्याला दिला, चाकसुद्धा ठेवलं नाही. पण चार एकर जागा माणसाचं दुःख बघून थांबत नाही. गवत छातीला लागलंय. वाटेवरची खडी वाहून गेली आणि गॅसची गाडी आता खालच्या वळणापर्यंतच येते. मागच्या महिन्यात मी सिलिंडर हातगाडीवर घालून वर आणलं, तेव्हा मध्ये तीनदा बसले. भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा "उद्या येतो" म्हणतो, त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही.

लेक म्हणते, विकून टाक आणि ये. तिच्याकडे माझी खोली तयार आहे. माझ्या आवडीच्या रंगाचे पडदेसुद्धा लावून झालेत, म्हणजे बघा. भांडून भांडून शेवटी मी तिला शब्द दिलाय की या पावसाआधी वाट नीट झाली नाही, तर मी येते. दिलेला शब्द मी फिरवत नाही, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती सध्या गप्प आहे.

पलीकडच्या गावात एक रोपवाटिका बंद होते आहे. मालकाचे गुडघे गेले. त्याच्याकडे छोटा निळा ट्रॅक्टर आहे, पुढे खडी-माती उचलायचं सूप, मागे गवत कापायचं यंत्र. घड्याळात अकराशे चाळीस तास दिसतात. मला हवा तेवढाच आहे, चढताना कुणाचा हात धरावा लागत नाही. ह्यांनी पहिल्या वर्षी मला सपाटीवर शिकवलं होतं, ते अजून विसरलेले नाही.

आता तुम्ही सांगा, घेताना काय काय बघायचं? घरात सगळे तुम्हाला "उपाय" म्हणतात ते उगीच नाही. काहीही बिघडलं की तुमचं पहिलं वाक्य "उपाय आहे".

एक विचारायचं राहिलं. ह्याला बसायच्या जागेमागची लोखंडी कमान नाही. जाळीच्या छपराखाली शिरेना म्हणून काढून ठेवली, असं रोपवाले म्हणतात. आपल्या जुन्यालाही नव्हतीच. ती मोडकीच आली होती, असं हे म्हणाले होते. ती नसली तर चालतं ना?

वहिनी

&nbsp;

१२ फेब्रुवारी
(हे पत्र पाठवलं नाही.)

वहिनी, नमस्कार.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं. शेवटच्या ओळींपाशी आलो की परत पहिल्यापासून सुरू करतो.

कमान मोडकी आली नव्हती. धडधाकट होती. ती मी कापली. दादाच्या अंगणात, माझ्या कटरने, तुम्ही शाळेत गेला होता तेव्हा. ती असती तर उतारावर ट्रॅक्टर कुशीवर टेकून थांबला असता. उलटा झाला नसता. दादाच्या हातापायाला लागलं असतं, पण तो घरी आला असता.

नसली तर चालतं ना, असं तुम्ही मला विचारता. साऱ्या जगात हे विचारायला तुम्हाला मीच सापडलो.

हे लिहिलं की तुम्ही पुन्हा माझं तोंड बघणार नाही. तसंही मी ते तीन वर्षांत दाखवलेलं नाही. पण नाही लिहिलं तर

&nbsp;

१३ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र पोचलं. उशिराबद्दल बाकावर उभा आहे असं समजा.

जुना ट्रॅक्टर घेताना माणसाच्या बोलण्याकडे बघू नका, लोखंडाकडे बघा. न कळवता सकाळीच जा. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा की त्याने तुमच्याआधी सुरू करून ठेवलाय, म्हणजे थंड असताना अडतो. थंड असेल तर तुमच्यासमोर सुरू करायला लावा. सुरुवातीला थोडा काळा धूर चालेल. निळा धूर नको, आणि पांढरा थांबतच नसेल तर सरळ घरी या. तेलाची काडी काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

घड्याळातल्या तासांवर विश्वास नको, ते बदलता येतं. पायाखालच्या पेडलचं रबर बघा. अकराशे तासांचं रबर गुळगुळीत होत नाही. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड व्हायला नको. मागची लिफ्ट वर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. हळूहळू खाली बसत असेल तर तेल अडवणारी आतली सिलं गेली. टायरच्या भेगांत नख शिरतं का बघा.

तुम्ही एकट्या जाऊ नका. कुणाला तरी बरोबर न्या. आणि वहिनी, खरंच घ्यायलाच हवा का, हाही एकदा विचार करा. लेक काही वाईट सांगत नाही. वाट काय, चार मजूर लावूनही नीट होईल.

माझी तब्येत बरी आहे. कान तसेच.

उपाय

&nbsp;

२२ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र घेऊन गेले आणि एकेका ओळीवर खूण करत तपासलं. एकटीच गेले. बरोबर न्यायला माणूस असता तर ट्रॅक्टर कशाला घेतला असता.

इंजिन गार होतं. पहिल्या किल्लीला सुरू झालं. धूर थोडा काळा, मग काही नाही. तेल स्वच्छ. पेडलच्या रबरावरच्या रेषा अजून दिसतात. पुढची चाकं मी इतकी हलवली की रोपवाल्यांची बायको बाहेर येऊन बघत उभी राहिली. मागची लिफ्ट वर करून मी घड्याळ लावून दहा मिनिटं बसले. शेवटी ती म्हणाली, "बाई, आम्ही आमच्या जावयालाही एवढं तपासलं नव्हतं." रोपवाले म्हणाले, "म्हणून तर."

लिफ्ट जागची हलली नाही. टायरला भेगा आहेत पण नख शिरत नाही. मी ट्रॅक्टर त्यांच्या अंगणात चालवून बघितला. ह्यांची फार आठवण आली. रडूही आलं, पण हात स्टिअरिंगवर असल्यामुळे डोळे पुसता येईनात, म्हणून तशीच चालवत राहिले. उतरले तेव्हा बरं वाटत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं की या जागेत मी राहू शकते, नुसती उरलेली नाही.

मजुरांचं म्हणाल तर ते एकदा वाट नीट करून जातील. पुढच्या पावसात ती पुन्हा वाहील. दर वर्षी कुणाच्या तरी हातापाया पडण्यात मला राम वाटत नाही.

कमानीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. इतकं बारीक सगळं लिहिलंत, म्हणजे त्यात लिहिण्यासारखं काही नसणार. नसली तरी चालत असावं, असं धरते.

पुढच्या महिन्यात नक्की करते.

वहिनी

&nbsp;

१ मार्च

वहिनी, नमस्कार.

हा ट्रॅक्टर घेऊ नका.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून मी त्याची बनावट ओळखली. त्या बनावटीचे डिझेलचे पंप फसवे असतात. आज चांगला चालेल आणि उद्या अचानक बसेल, वर सुटे भाग मिळत नाहीत. माझ्या हाताखालून असे पुष्कळ गेले. रोपवाल्यांना नाही म्हणून सांगा. दुसरा बघू. घाई नको. पावसाळा गेल्यावर मी स्वतः चौकशी करीन.

उपाय

&nbsp;

१० मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र घेऊन मी तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथला मिस्त्री पस्तीस वर्षं हेच काम करतोय. त्याला पंपाचं विचारलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "बाई, बाकी सगळं गंजून जाईल पण हा पंप तुमच्या नातवंडांना पुरेल." सुटे भाग त्याच्या मागच्या फळीवरच होते. मला काढून दाखवले.

उत्तर आधी ठरवायचं आणि मग त्याला जुळतील अशा पायऱ्या मांडायच्या, असल्या वह्या मी जन्मभर तपासल्या आहेत. तुमचं पत्र त्यातलंच आहे. उत्तर ठरलंय की वहिनीने ट्रॅक्टर घ्यायचा नाही. आधी म्हणालात, लेकीचं ऐका. मग म्हणालात, पंप वाईट. आता म्हणता, पावसाळा गेल्यावर बघू. पावसाळा गेल्यावर मी पडद्यांच्या खोलीत असेन हे तुम्हाला माहीत आहे, कारण मीच तुम्हाला लिहिलं होतं.

लेकीने तुम्हाला मध्ये घातलंय का? तसं असेल तर दोघांनी मिळून सरळ सांगायचं होतं. ह्यांच्यानंतर या घराबद्दल बोलायला मला एक माणूस होतं, ते म्हणजे तुम्ही. तुम्ही यायचं बंद केलंत तेव्हा मी मनाची समजूत घातली की भाऊच उरला नाही तर वहिनीकडे कशाला येतील. पण खोटं लिहाल असं वाटलं नव्हतं. ते मला फार लागलं.

मी रोपवाल्यांना हो म्हणून कळवलंय. २० तारखेला ते ट्रॅक्टर आणून सोडतील. दोन-चार दिवस सपाटीवर हात बसवीन आणि मग वरचा उतार. तिथलं गवत मला आधी काढायचंय. तीन वर्षं मी तिकडे पाय ठेवलेला नाही. तिथून सुरुवात केली की बाकीचं सोपं जाईल.

तुम्हाला सल्ला विचारून त्रास दिला, त्याबद्दल क्षमस्व.

वहिनी

&nbsp;

१६ मार्च

वहिनी,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. शिवाय शेजारच्या बाईंना तुम्हाला फोन करायला सांगितलंय. मला पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून त्या बोलतील. त्या एवढंच सांगतील की कमानीशिवाय त्या ट्रॅक्टरवर बसू नका, उताराला तर नाहीच. का, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुम्हालाच सांगायचं आहे.

पंप चांगला आहे. मी खोटं लिहिलं. लेकीचा याच्याशी काही संबंध नाही, तिचं माझं बोलणंही झालेलं नाही. तिला बोल लावू नका.

दादाने जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी चार दिवस आलो होतो. तुमच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, तुम्ही सकाळी लवकर जायचात. तिसऱ्या दिवशी इंजिनाचं काम झालं आणि आम्ही ट्रॅक्टर शेडमध्ये घालायला गेलो. मागची कमान दाराच्या वरच्या तुळईला अडली. मी बोटं लावून बघितली. दार चार बोटं कमी पडत होतं.

दादा म्हणाला, "बघ रे काहीतरी." मी म्हणालो, "उपाय आहे."

कटर पेटीतच होता. दोन्ही पाय मुळापासून कापले. सात-आठ मिनिटं लागली असतील. ट्रॅक्टर झोकात आत गेला. दादा खूश झाला. तुकडे मीच भंगारात टाकून आलो.

वहिनी, कमान कशासाठी असते हे दादाला ठाऊक नव्हतं. मला होतं. ट्रॅक्टर कलंडला तर ती जमिनीला टेकते आणि बसलेल्या माणसाला जागा राहते. पट्टा बांधलेला असेल तर माणूस जागेवरच राहतो आणि वाचतो. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत असे. आणि घरच्या ट्रॅक्टरची कमान मी चार बोटांसाठी कापून टाकली. म्हटलं, दादा काय, सपाटीवरच तर चालवणार. मनात आलं आणि गेलं. सगळं एवढंच होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, घाई नव्हती.

तुम्हाला काय सांगायचं हे दादाने ठरवलं. म्हणाला, "मोडकी आली होती म्हणून सांगू. नाहीतर मास्तरीण मला दार पाडायला लावील." आम्ही दोघं त्यावर हसलो.

तेराव्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर म्हणालात, "भाऊजी, तुमच्या हातामुळे तो ट्रॅक्टर इतकी वर्षं चालला." लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर मला तुमच्या घराची पायरी चढवेना. भाऊ नाही म्हणून वहिनी नाही, असं कधीच नव्हतं. तुमच्यासमोर उभं राहायचीच लाज वाटत होती.

तुम्ही "नसली तर चालतं ना" असं विचारलंत, तेव्हाच मी लिहायला हवं होतं. लिहिलंही होतं, पण पाठवलं नाही. त्याऐवजी पंपावर ढकललं, म्हणजे तुम्ही तो घेणारच नाही आणि मला काही सांगायला लागणार नाही. तुम्ही तरीही घेणार हे कळलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. एकदा हाताने माणूस घालवला, आणि आता तोंड बंद ठेवून दुसरं घालवायला निघालो होतो.

कुणी लोखंडी नळी वाकवून, वेल्डिंग करून देतो म्हणालं तर घेऊ नका. तसली कमान नुसती शोभेची असते. त्या ट्रॅक्टरचीच मूळ कमान हवी आणि ती बोल्टनेच बसवायला हवी. रोपवाल्यांना विचारा, त्यांनी कुठे ठेवली. नसेल तर मी कंपनीकडून मागवतो. ती बसेपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवा. मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा, पण आधी एवढं करा.

सही करत नाही. त्या नावाने करवत नाही.

&nbsp;

१९ एप्रिल

भाऊजी,

पत्र वेळेवर मिळालं, हे आधी सांगते. तेवढ्यासाठी तरी मी आधी लिहायला हवं होतं. महिनाभर तुम्हाला टांगून ठेवलं. ते चुकून नाही, ठरवून ठेवलं.

तुमच्या शेजारीणबाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पंपाचं संपलं, आता कमानीचं काढलं. मी त्यांना म्हणाले, "भाऊजींना सांगा, निमित्तं फार झाली," आणि ठेवून दिला. बिचाऱ्या बाईंना माझ्याकडून दोन शब्द चांगले सांगा. २० तारखेला ट्रॅक्टर आला. २१ला मी सपाटीवर तास-दीड तास चालवला. २२ला सकाळी टाकी भरली आणि वरच्या फाटकाचं कुलूप काढून ठेवलं, तीन वर्षांचं गंजलेलं, ते उघडण्यातच अर्धी सकाळ गेली. तेवढ्यात पोस्टमन आला. त्या कुलपाला तेल पाजलेलं असतं, तर मी तुमचं पत्र वाचायला नसतेही.

पहिले काही दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की तुमचं नाव निघालं की हातातलं भांडं आपटायचे. मग ह्यांच्यावर चिडले. "मास्तरीण दार पाडायला लावील" हे वाक्य डोक्यातून जाईना. खरंच लावलं असतं. त्याच संध्याकाळी लावलं असतं, गवंडी येईपर्यंत दोघांना जेवायला वाढलं नसतं. ह्यांना ते माहीत होतं, म्हणूनच मला सांगितलं नाही. माझ्या कटकटीला घाबरून ह्यांनी मला खोटं सांगितलं, आणि ती कटकट झाली असती तर आज हे इथे बसून चष्मा शोधत असते. हे मी कुणाला सांगू? लेकीला सांगितलेलं नाही. तिच्या मनात तिचा बाबा जसा आहे तसा राहू दे.

मग गवंड्याला बोलावलं. म्हटलं, जे तेव्हा झालं नाही ते आता करू, दार पाडून उंच करू. गवंडी आला, दाराकडे बघितलं, मग खाली बघितलं. पायाने माती उकरली. मला म्हणाला, "बाई, दार कशाला पाडताय? खाली खणा की. वीतभर खणलं तरी तुमचा ट्रॅक्टर आत जाईल."

मी तिथेच दगडावर बसले. त्याने मला पाणी आणून दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

भाऊजी, तुम्ही इतके हुशार कारागीर. ह्यांनी अख्खं घर स्वतःच्या हाताने बांधलेलं. मी पोरांना लांबी-रुंदी-उंची शिकवण्यात केस पांढरे केले, आणि इतकी वर्षं त्या दारातून रोज आत-बाहेर केलं. चार बोटं वरून कमी पडत असतील तर ती खालून काढता येतात, हे पहिल्या इयत्तेचं आहे. गवंड्याने आणि त्याच्या भावाने दुपारच्या आत खणून दिलं, वर थोडी खडी टाकली. काम बघून मला वाईट वाटलं आणि हसूही आलं, आणि हसू आल्याचं पुन्हा वाईट वाटलं.

कमान सापडली. रोपवाल्यांच्या परसात आहे, त्यांची बायको तिच्यावर कपडे वाळत घालते. "घेऊन जा, पण मग माझ्या चादरी कुठे घालू" म्हणाली. मी तिला दोन लोखंडी खांब आणि तार पोचवली, तेव्हा कुठे सुटली. जादा भोक पाडलेलं नाही, वेल्डिंग नाही, मी भिंगाने बघितलंय. दोरीचे वळ आणि थोडा गंज आहे. बोल्ट मात्र हरवलेत. पायांना चार-चार भोकं आहेत. ट्रॅक्टर उभा आहे. पत्र आल्यापासून किल्लीसुद्धा फिरवलेली नाही, तुमच्या म्हणण्याप्रमाणे.

पाऊस दीड महिन्यावर आलाय. लेकीला दिलेला शब्द तसाच आहे. वर्कशॉपचा मिस्त्री येऊन कमान बसवून देईन म्हणतो. मी त्याला नको म्हटलं.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही. तसं लिहायचा प्रयत्न केला, दोन कागद फाडले. माफ करायचं ते ह्यांनी, आणि त्यांनी तर तुम्हाला त्याच दिवशी शाबासकी देऊन टाकली होती. माझा राग आहे तो वेगळा आहे. तुम्ही कापलीत त्याचा आहेच, पण तीन वर्षं मला एकटीला ठेवलंत त्याचा जास्त आहे. आपण दोघंही एकाच माणसासाठी रडत होतो, आणि तुम्ही मला न सांगता लांब जाऊन रडलात.

तर आता तुम्ही यायचं. कमान तुमच्या हातांनी बसवायची. बोल्ट येताना आणा, इथे मिळतात त्यांची मला खात्री नाही. मग पट्टा बांधून मी वरच्या उतारावर जाणार. मीच जाणार, तुम्ही नाही. तुम्ही खाली उभं राहून बघायचं. पहिल्या चाकोरीपासून शेवटच्या चाकोरीपर्यंत. मान फिरवायची नाही, डोळे मिटायचे नाहीत. ह्यांच्या वेळी खाली कुणी उभं नव्हतं. हाक मारायला, धावत जायला, कुणीच नव्हतं. मी बाजारात होते. मला खाली माणूस हवंय, आणि दुसरं कुणी मला चालणार नाही.

येणार की नाही ते एका ओळीत कळवा. चारची गरज नाही.

वहिनी

&nbsp;

२५ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

आठ बोल्ट लागतात, दहा घेतलेत. डोक्यावर आकडा कोरलेले, पूर्ण ताकदीचे. भोकांचं माप तेवढं लगेच कळवा, म्हणजे जाडी चुकणार नाही. चुकली तर बदलून आणीन, घासून बसवणार नाही. पट्टाही नवीन घेतलाय, जुन्या पट्ट्याचा भरवसा नाही.

२ मेच्या सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी फाट्यावर उतरेन. न्यायला येऊ नका, चालत येईन.

उतारावर कुठे उभं राहायचं ते तुम्ही दाखवा. तुमचं सगळं गवत होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुमचा दीर